काही तक्रार नाही

सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याची खोली आणि जनरेटर यांच्या मध्ये, शवागार होतं; आणि शवागारात मावशी होती. डॉक्टर बदलत, अधीक्षक बदलत, थंड पेट्यांचं यंत्र दर उन्हाळ्यात मान टाकी. मावशी तेवढी जागची हलली नव्हती. ऐन उमेदीत नोकरीला लागली होती, आता केसांत काळा शोधावा लागे. मेलेल्या माणसाचे डोळे मिटायचे, जबडा बांधायचा, अंग धुवायचं, अंगठ्याला नावाची चिठ्ठी बांधायची, हे तिचं काम. "माझ्या हाताखालच्यांनी आजवर कधी कुरकुर केली नाही," असं ती नव्या नर्सला सांगायची आणि ती हसते का ते बघायची. हसली तर ही टिकेल, असा तिचा हिशेब असे.

शहरात उंच इमारती वाढल्या तशी सरहद्दीपलीकडून माणसं कामाला येऊ लागली. पलीकडे लढाई कित्येक वर्षं पेटलेली. ही माणसं इकडे येऊन परांचीवरून पडत, भट्टीशी भाजत, खोदलेल्या चरात गाडली जात. प्रेत गावी न्यायचं तर पेटी, गाडी, सरहद्दीवरचे कागद, पलीकडची दुसरी गाडी, एवढा खर्च कुणाला झेपणार? मग ती प्रेतं शहराबाहेरच्या सरकारी जमिनीत पुरली जात, नंबर लावून. एकदा पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. "माझ्या पोराला कुठे ठेवलंय तेवढं सांगा हो," ती म्हणाली. मावशीने कागद बघून नंबर सांगितला. म्हातारीने तो दोनदा म्हणून घेतला, पाठ करावा तसा, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मावशी घरी आली ती न जेवता बसून राहिली. तिची थोरली बहीण तिच्यासोबत राहायची. शिवणकाम करायची आणि बोलण्यात तिची सुई कपड्यापेक्षा माणसाला जास्त टोचायची. "मेलेल्यांची एवढी सरबराई करतेस," ती म्हणाली, "मी मेल्याशिवाय माझ्याकडे बघणार नाहीस वाटतं." पण दुसऱ्या दिवशी तिनेच आपल्या गिऱ्हाइकांकडून पैसे मागून आणले. वॉर्डबॉय, धोबी, स्वयंपाकघरातल्या बायका, मुकादम, ज्याला जमेल त्याने दिले. अशी सुरुवात झाली. पुढे त्याचं रीतसर मंडळ झालं, नोंदणी झाली, बँकेत खातं उघडलं. मावशीचं मंडळ माणसाला त्याच्या गावी पोचवायचं. नंबर लावून पुरणं जवळजवळ थांबलं.

आणि मग एके सकाळी बँकेने खातं गोठवलं.

काचेच्या पलीकडचा मॅनेजर वयाने मावशीच्या भाच्यासारखा. तो सारखा टाय सैल करत होता. "मावशी, वरून आदेश आहे. तुमचे पैसे पलीकडच्या ज्या गाडीवाल्याला जातात ना, त्याचं नाव दहशतवाद्यांच्या यादीतल्या एका नावाशी जुळतंय."

"अरे, पलीकडे दर चौथ्या माणसाचं तेच नाव आहे! तो गाडीवाला तर साठीचा आहे. त्याला गाडीतून उतरायला आधार लागतो."

"मला कळतंय हो. पण मशीनला कळत नाही. आणि सध्या मशीनच्या विरोधात जायची कुणाची छाती नाही."

त्याचं कारण शहरात सगळ्यांना ठाऊक होतं, वर्तमानपत्रात रोज येत होतं. परदेशी तपासणीस येणार होते. काळा पैसा पांढरा होऊ नये, दहशतवाद्यांच्या हाती पैसा पडू नये, यासाठी या देशाने काय काय बंदोबस्त केलाय हे ते बघणार, आणि गुण देणार. मागच्या खेपेला गुण फार कमी पडले होते. या वेळी नापास झालो तर देशाचं नाव वाईट यादीत जाणार, बाहेरच्या बँका हात आखडणार, कर्ज महागणार. त्यामुळे सरकारी कचेऱ्यांत धावपळ उडाली होती. किती खाती गोठवली, किती खटले भरले, याचे आकडे पाहिजे होते. नदीकाठचे ते मोठे टॉवर, ज्यांतला एकही दिवा संध्याकाळी लागत नसे, ते कुणाच्या पैशाने उभे राहिले हे रिक्षावाल्यालाही माहीत होतं. पण त्यांच्या मालकांपर्यंत हात पोचत नव्हता. मावशीपर्यंत पोचत होता.

पायमिस्त्रीपर्यंतही पोचला. हा एक अबोल, काटकुळा माणूस, बाजारामागच्या गल्लीत कृत्रिम पाय बनवायचा. मूळचा तो पलीकडचाच, पण पोरवयात इकडे आलेला. सुरुंगावर पाय पडून ज्यांचे पाय गेले त्यांची मापं तिकडून यायची, तो पाय घडवायचा आणि आपल्या जुन्या व्हॅनमधून सरहद्दीवर नेऊन द्यायचा. त्याचीही छोटी संस्था होती, तिचंही खातं बंद झालं. लाकूड, पट्टे, रबर, काहीच उधारीवर मिळेना. नुसती खातंबंदी नव्हे, त्याच्यावर चौकशीही लागली, आणि चौकशी संपेपर्यंत सरहद्दीवर माल न्यायला मनाई. त्याच्या भिंतीवर तयार पाय टांगलेले होते. मुलांचे, बायकांचे, प्रत्येकावर गावाचं नाव. मुलांचे पाय बघून तो म्हणाला, "हे आता वाया. पोरं वाढली असतील."

दोघं एकमेकांना आधी तोंडओळखीपुरते ओळखत. आता एकाच कचेरीच्या बाकावर बसून ओळख वाढली. अर्ज दिले, शिक्के मारून घेतले, 'उद्या या' ऐकलं. तिथेच त्यांना कळलं की परदेशी तपासणीस सेवाभावी संस्थांनाही भेटणार आहेत. बंदोबस्ताच्या नावाखाली चांगल्या कामाचा गळा तर दाबला जात नाही ना, हेही ते बघतात.

"मग आपण तिथे सांगू," मिस्त्री म्हणाला.

"आपल्याला आत कोण घेणार?"

"एकाला घेतलं तरी पुरे. जो जाईल त्याने दोघांचं सांगायचं."

"मी गेले तर सांगेन," मावशी म्हणाली. "तुमचं आधी, मग माझं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत पलीकडचा एक गवंडी परांचीवरून पडून मेला. विशीतला पोरगा. त्याचा भाऊ त्याच इमारतीवर कामाला होता. तो शवागाराच्या दारातून हलेना. बोलत काही नव्हता. कुणी आत जाऊ लागलं की उठून उभा राहायचा, बाहेर आलं की बसायचा. मावशीने त्याला सगळं खरं सांगितलं, की खातं बंद आहे, हातात पैसे नाहीत. त्याने मान हलवली आणि परत बसला. त्यातच थंड पेटीचं यंत्र बिघडलं. दुरुस्तीवाला आला, बघून गेला, सुटा भाग मागवावा लागेल म्हणाला. मावशीने बर्फाच्या लाद्या आणल्या. शवागारात आयुष्य काढलेल्या बाईला प्रेताचं आता काय होणार आणि किती लवकर, हे कुणी सांगावं लागत नाही.

अशा वेळी साहेब आले. हे त्या तपासणीची तयारी करणाऱ्या कचेरीतले अधिकारी. चाळिशीचे, नीटनेटके, झोप न झालेले. नाकाला रुमाल लावावासा वाटत होता तरी त्यांनी लावला नाही, हे मावशीच्या लक्षात आलं आणि तिला ते आवडलं.

"मावशी, परदेशी पाहुण्यांना भेटायला काही संस्था निवडल्यात. तुमचं नाव मी सुचवलंय."

"माझं खातं बंद आहे, साहेब. हे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. ते बंद व्हायला नको होतं. तुमची फाईल मी स्वतः वाचली आहे. भेट झाली की खातं उघडेल. लगेच, दुसऱ्या दिवशी. त्या गवंड्याला तुम्ही घरी पाठवू शकाल."

"आणि भेटीत मी काय बोलायचं?"

"अडचणी होत्या, आता काही तक्रार नाही, एवढंच."

"होत्या असं बोलू?"

साहेबांनी दाराबाहेर बसलेल्या भावाकडे पाहिलं. "खरं सांगायचं तर, होत्या हेही नको. ती माणसं एका शब्दावरून दहा प्रश्न काढतात. मी तुम्हाला धमकी देत नाही, मावशी. काय केलं तर काय होईल, ते सांगतोय. आम्ही नापास झालो तर माझ्यासारख्यांचं काय व्हायचं ते होईल. पण बँका आणखी घाबरतील, आणि मग खाती बंद करतील ती तुमच्यासारख्यांचीच."

"आणि पायमिस्त्री?"

"त्यांची चौकशी माझ्या हातात नाही."

घरी तिने बहिणीला सांगितलं. मशीन थांबवून बहीण ऐकत राहिली. एरवी ती काहीतरी खोचक बोलली असती. "जिवंत माणसाला दिलेला शब्द पाळायचा की मेलेल्याला घरी पोचवायचं," ती अखेर म्हणाली, "मला विचारू नकोस बाई. मी कापड कापते, त्यात निदान चूक झाली तर उसवता येतं."

भेट मंत्रालयाच्या मोठ्या खोलीत होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकापुढे नावाची पाटी. साहेब नियमाप्रमाणे बाहेर थांबले. पण दुभाषी बाई त्यांच्याच कचेरीतली होती. अनाथाश्रमवाले बोलले, रक्तदानवाले बोलले, सगळं छान चाललंय म्हणाले. समोर तिघं परदेशी. त्यांतली एक बाई पिकल्या केसांची, मावशीच्याच वयाची. ती लिहीत कमी होती, बघत जास्त होती. तिने मावशीला काम काय ते विचारलं आणि उत्तर दुभाषीच्या तोंडून ऐकता ऐकता पेन खाली ठेवलं.

मग तिने विचारलं, "हे पैसे तुम्ही लढाईच्या मुलखात पाठवता. बँकेने कधी अडवलं का? खातं कधी बंद झालं का?"

मावशीला वाटलं होतं, हा प्रश्न इतका सरळ येणार नाही. गोल गोल विचारतील, आपण गोल गोल बोलू. तिचे हात टेबलावर होते. जंतुनाशकाने सालपटं निघालेले. तिला बर्फ आठवला. वितळलेलं पाणी लादीवरून मोरीकडे जात होतं आणि दारातला तो पोरगा ते पाणी बघत बसला होता.

"नाही," ती म्हणाली. "काही तक्रार नाही."

"तुमच्या ओळखीत दुसऱ्या कुणाला त्रास झाला?"

हा दुसरा प्रश्न येईल हे तर तिच्या मनातही आलं नव्हतं. इथे ती गप्प राहू शकली असती. निदान एवढं तरी. पुढे कित्येकदा तिने स्वतःला हेच ऐकवलं.

"नाही," ती म्हणाली. "कुणाला नाही."

परदेशी बाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने पेन उचललं आणि लिहिलं.

साहेब शब्दाला जागले. खातं दुसऱ्या दिवशी उघडलं. गवंड्याची पेटी निघाली तेव्हा भाऊ मावशीच्या पायाला हात लावायला वाकू लागला. तिने त्याचे खांदे इतक्या जोरात धरले की तो दचकला. "नको," ती म्हणाली. "माझ्या पाया पडू नकोस."

मिस्त्रीला तिने काहीच सांगितलं नाही. त्याने विचारलं तेव्हा "बोलणं झालं, बघू काय करतात," एवढंच म्हणाली. तो बिचारा "तुमचे उपकार आहेत," म्हणाला.

अहवाल यायला बराच काळ गेला. आला तेव्हा देशभर पेढे वाटावेत तसा आनंद झाला. देश काठावर का होईना, पास झाला होता. साहेबांना बढती मिळाली. मिस्त्रीने त्याच सुमाराला खातं उघडून मिळावं म्हणून कोर्टात दावा लावला होता. सरकारी वकिलाने उभं राहून त्या अहवालातली ओळ वाचली: भेटलेल्या संस्थांपैकी कुणालाही अडथळा आल्याचं दिसलं नाही, लढाईच्या भागात काम करणाऱ्या एका संस्थेने तसं स्पष्ट सांगितलं. "परदेशी तज्ज्ञच म्हणतायत," वकील म्हणाला, "मग हे गृहस्थ म्हणतात तो छळ आला कुठून?"

मिस्त्री कोर्टातून थेट शवागारात आला. मावशी एका म्हाताऱ्याचे केस विंचरत होती.

"लढाईच्या भागात काम करणाऱ्या संस्था दोनच आहेत," तो म्हणाला. "मला तर आत घेतलंच नव्हतं."

तिने कंगवा ठेवला. "बर्फ संपत आला होता, मिस्त्री," ती म्हणाली, आणि बोलल्यावर तिला कळलं की याला बर्फाचं काहीच माहीत नाही. तिने सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"मला विचारायचंत," तो शेवटी म्हणाला. "मी म्हटलं असतं, बोला खोटं, त्या पोराला घरी जाऊ दे. पण मला विचारायचंत."

ती साहेबांकडे गेली. नव्या केबिनमध्ये त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "अहवाल छापून झालाय, मावशी. आता त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलत नाही."

"मग मी कोर्टात सांगते."

"सांगू नका," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरीच कळकळ होती. "त्यांचं काही भलं होणार नाही, तुमचं मात्र वाटोळं होईल."

मावशी कोर्टात उभी राहिली. तपासणीसांपुढे आपण खोटं बोललो, आपलं खातं बंद होतं, मिस्त्रीचं बंद असल्याचं आपल्याला माहीत होतं, असं तिने सांगितलं. साहेबांचं नाव विचारलं तेव्हा तिने तेही सांगितलं. सांगताना तिला वाईट वाटलं, कारण त्या माणसाने नाकाला रुमाल लावला नव्हता. न्यायाधीश चष्म्यावरून बघत होते.

"म्हणजे तेव्हा तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोललात, असं तुमचंच म्हणणं आहे."

"हो."

"मग आज मित्राच्या फायद्यासाठी बोलत नाही आहात, हे मी कशावरून धरू?"

दावा फेटाळला गेला. साहेबांनी म्हटल्यासारखंच झालं, दोन्ही बाजूंनी. खोटी माहिती दिल्याबद्दल मंडळाची नोंदणी रद्द झाली, खातं कायमचं बंद झालं. साहेबांना कुठल्याशा आडगावी बदलून टाकलं. सरकारी जमिनीत पुन्हा नंबर लागू लागले. पहिला नंबर लागला त्या दिवशी मावशी स्वतः तिथे गेली आणि खड्ड्यात माती ओढली. बहिणीने त्या संध्याकाळी तिला ताट वाढून दिलं आणि ती खाईपर्यंत समोरून उठली नाही.

मिस्त्रीने दुकान आवरलं. अवजारं विकली, एका चपलांच्या कारखान्यात कापणीच्या मशीनवर लागला. व्हॅन तेवढी ठेवली, कारण तिला कुणी गिऱ्हाईक मिळेना.

मग त्याच्या गल्लीतली एक बाई वारली, पलीकडची, इस्पितळात झाडू मारणारी. तिच्या नवऱ्याने पैसे जमवले होते. पण भाड्याच्या गाडीला पुरतील एवढे नव्हते, पेट्रोलला पुरतील एवढे होते. मिस्त्री व्हॅन घेऊन शवागाराच्या दारात आला. आत कृत्रिम पाय ठेवण्याचे कप्पे होते, ते त्याने उपटून काढले होते. नवऱ्याकडे सरहद्दीचा कागद नव्हता. तो गेला असता तर परत येऊ शकला नसता. मावशीने रजा टाकली आणि पुढच्या सीटवर बसली.

शहर सुटलं.

"मिस्त्री, त्या दिवशी मी..."

"रस्ता खराब आहे. मागे बघा, पेटी सरकते का."

तिने मागे हात टाकून पेटी धरली. खूप पुढे गेल्यावर तोच म्हणाला, "मला राग आहे. अजून आहे. जाईलसं वाटत नाही."

"बरं," मावशी म्हणाली.

"पण पेटी उचलायला दोन माणसं लागतात. म्हणून आलो तुमच्याकडे."

सरहद्दीवर शिपायाने कागद बघितले, पेटीचं झाकण उघडायला लावलं, बंद करायला लावलं. फाटकापलीकडे बाईचा दीर आला होता, हातगाडी घेऊन. त्याच्या विजारीचा एक पाय गुडघ्यापाशी दुमडून पिनेने अडकवला होता आणि काखेत कुबडी होती. तिघांनी मिळून पेटी हातगाडीवर ठेवली. दीर मावशीचे हात धरून काहीतरी बोलत राहिला, रडत राहिला. मिस्त्री मात्र त्याच्या गुडघ्याकडे बघत होता.

"कधी गेला?" त्याने विचारलं.

"झाली वर्षं."

"माप कुणी घेतलं होतं?"

"घेतलं होतं एकाने. पाय काही आला नाही."

मिस्त्रीने त्याच्या गावाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. मिस्त्रीचा चेहरा बघून मावशीने तोंड फिरवलं. शिपाई फाटक लावायची घाई करत होता. मिस्त्रीने खिशातून टेप काढला, गुडघा टेकून खाली बसला आणि दुसऱ्या, धडक्या पायाचं माप घेऊ लागला.

"आता कशाला?" दीर म्हणाला.

"बारीक झालायस," मिस्त्री म्हणाला. "मावशी, लिहून घ्या."

मावशीकडे कागद नव्हता. तिने पिशवीतून अंगठ्याला बांधायची कोरी चिठ्ठी काढली, पेन झटकलं, आणि तो एकेक आकडा सांगत गेला तसा लिहीत गेली.